दुर्बीण घेण्यापूर्वी

(सोलापूर येथे नवोदित नेमबाज आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका ज्येष्ठ प्रशिक्षकाने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



शिबिराच्या या दोन दिवसांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, हे सांगितले तर आपल्याला गंमत वाटेल. रायफल खांद्याला कशी लावावी, श्वास कोठे रोखावा, चाप कसा दाबावा, हे फारसे कोणी विचारले नाही. बहुतेक पालकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ''सर, दुर्बीण कोणती घ्यावी? स्वस्तात चांगली अशी कोणती मिळेल?''

या प्रश्नाला मी हसणार नाही. त्यामागे उभा असलेला बाप मला दिसतो. हे यंत्रमागाचे आणि विडी कामगारांचे शहर आहे. येथे घरात एखादी वस्तू येते ती हिशेब करूनच येते, आणि मुलाच्या हौसेसाठी बाजूला काढलेला पैसा कोठल्या ना कोठल्या गरजेतून कापलेला असतो. त्यामुळे ''स्वस्तात चांगली'' हे शब्द मला मोलाचे वाटतात. आज मी या एका प्रश्नाचेच सविस्तर उत्तर देणार आहे. पण त्याआधी मला माझ्या एका चुकीची कबुली द्यायची आहे.

चूक कोणाची होती?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा पुतण्या त्या वेळी नववीत होता. हात स्थिर, स्वभाव शांत. साध्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या फोरसाइटवर नेम धरून दहा मीटरवरचे त्याचे छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडू लागले होते. मला कौतुक वाटले. म्हणून त्याच्या वाढदिवसाला मी एक दुर्बीण आणली. खोक्यावर मोठमोठे आकडे होते. आत लाल आणि हिरवा असे दोन दिवे होते. दुकानदाराने सांगितले, ''साहेब, ही मोठ्या रायफलींनाही चालते.'' मी समाधानाने घरी आलो.

पहिले दोन दिवस सारे छान चालले. तिसऱ्या दिवशी छर्रे डावीकडे जाऊ लागले. आम्ही दुर्बिणीची चकती फिरवून दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी ते उजवीकडे गेले. पुन्हा दुरुस्ती. मग कधी वर, कधी खाली. मुलाने उभे राहण्याची पद्धत बदलली, श्वासाची लय बदलली, हाताखाली उशी घेतली. आणि मी काय केले? प्रशिक्षक म्हणवून घेणाऱ्या मी त्याला सांगितले, ''तुझा हात हलतो आहे. मन एकाग्र कर.'' हे मी त्याला एकदा नव्हे, दोन महिने सांगत राहिलो. शेवटी एके संध्याकाळी त्याने रायफल पिशवीत घातली आणि म्हणाला, ''काका, मला हे जमणार नाही.'' त्यानंतर त्याने रायफल हातात घेतली नाही.

काही वर्षांनी माळा आवरताना ती दुर्बीण पुन्हा हाती आली. कुतूहल म्हणून मी ती एका जड पकडीत घट्ट आवळली, समोरच्या भिंतीवरील एका ठिपक्यावर आतली फुली आणली आणि नळीवर लाकडी दांड्याने हलकेच टिचकी मारली. फुली ठिपक्यावरून सरकली. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा सरकली. आतला भिंगांचा साचाच सैल झाला होता.

बंधू-भगिनींनो, दोष भिंगात होता आणि आम्ही तो मुलात शोधला. मुलानेही तो स्वतःतच शोधला. वाईट दुर्बिणीने पैसे वाया जातात, ते एक वेळ सोसता येते. पण ती शिकणाऱ्याला खोटे सांगते, आणि शिकणारा ते खरे मानतो, ही हानी भरून निघत नाही. आज मी जे काही सांगेन ते या एका अनुभवातून सांगेन.

आधी एक गैरसमज

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे नेमबाज दुर्बिणीतून नेम धरतात. वस्तुतः तसे नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही अवस्थांत पन्नास मीटरवरचे लक्ष्य त्यांनी टिपले, आणि त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो केवळ १०.४ मिलिमीटर.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला. त्याच प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगमध्ये भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. यांपैकी कोणीही दुर्बिणीतून नेम धरला नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावता येतच नाही.

मग हे खेळाडू पाहतात कशातून? त्यांच्या रायफलीवर मागे एक चकती असते व तिला बारीक छिद्र असते. त्याला पीप साइट म्हणतात. पुढे नळीच्या टोकाशी एक गोल कडी असते. छिद्रातून पाहायचे, कडी मधोमध आणायची आणि कडीच्या मध्यभागी लक्ष्याचा काळा गोल बसवायचा. आपल्या घरातील वडीलधारी माणसे चष्मा सापडला नाही की, मुठीची बारीक फट करून त्यातून दिनदर्शिकेवरची तारीख वाचतात, ते आपण पाहिले असेल. बारीक छिद्रातून पाहिले की दूरचे आणि जवळचे दोन्ही अधिक स्पष्ट दिसते. पीप साइटमागे हेच तत्त्व आहे.

म्हणून पालकहो, पहिला निर्णय येथेच करा. मुलाला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धांच्या वाटेने न्यायचे असेल, तर दुर्बिणीसाठी ठेवलेले पैसे तसेच ठेवा. ते पुढे पीप साइटच्या रायफलीसाठी उपयोगी पडतील. परंतु ज्यांना घरच्या घरी छंद म्हणून कागदी लक्ष्यावर नेमबाजी करायची आहे, किंवा ज्यांनी चाळिशी ओलांडल्यावर ही विद्या हाती घेतली आहे, त्यांच्यासाठी दुर्बीण हे उपयुक्त साधन आहे. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः आता चष्मा लावतो. मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य या तिन्हींवर एकाच वेळी माझी नजर ठरत नाही. दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एकाच पातळीवर दिसतात. हा तिचा खरा लाभ आहे.

जवळ दिसते, म्हणून जवळ येत नाही

दुर्बीण लक्ष्य मोठे करून दाखवते, पण त्याचबरोबर आपल्या हाताचे कंपनही तितकेच मोठे करून दाखवते. चार पटीच्या दुर्बिणीत फुली लक्ष्यावर थोडी डुलते. नऊ पटीत तीच फुली थरथर नाचू लागते. हात पूर्वीइतकाच हलत असतो, पण आता ते दिसू लागते. नवशिका घाबरतो आणि फुली मधोमध आली की त्या क्षणी घाईने चाप ओढतो. हीच ती सवय, जी मोडायला पुढे वर्ष जाते.

द्रोणाचार्यांनी शिष्यांना झाडावरच्या पक्ष्याकडे पाहून काय काय दिसते, असे विचारले. ज्यांना झाड, फांद्या, गुरू, बंधू असे सारे दिसले, त्यांना त्यांनी बाण सोडू दिला नाही. अर्जुनाला फक्त पक्ष्याचे मस्तक दिसले. या कथेत कोठेही पक्षी मोठा झाला नाही. अर्जुनाचे पाहणे बारीक झाले. आपल्या सोलापुरात चादरीच्या कापडातले धागे मोजण्यासाठी भिंग वापरतात. पण डोळ्याला भिंग लावून कोणी माग चालवत नाही. मागावर तुटलेला धागा विणकराच्या नजरेला आपोआप दिसतो, कारण ती नजर सरावाने तयार झालेली असते. भिंग तपासणीला उपयोगी, पण कसब हातातच असावे लागते.

निवडीच्या पाच कसोट्या

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पाच गोष्टी पाहायच्या आहेत, आणि त्या महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, धक्का. आपल्याकडे नवशिक्यांच्या हाती बहुधा स्प्रिंगची एअर रायफल असते. ती नळी मोडून ताणावी लागते. बारुदाच्या रायफलीचा धक्का मागे येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र दोन धक्के असतात. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या टोकाला आदळतो तेव्हा ती झटक्याने पुढे जाते. हा पुढचा झटका दुर्बिणीचा शत्रू. मोठ्या रायफलीसाठी बनवलेल्या कित्येक दुर्बिणी एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी बांधलेल्या असतात. त्यांच्यातील भिंगे उलट्या झटक्याने सैल होतात. ''मोठ्या रायफलींनाही चालते'' हे दुकानदाराचे वाक्य म्हणूनच फसवे होते. ती स्प्रिंगच्या एअर रायफलीवर चालते का, हे विचारा, आणि तसे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात छापलेले असेल तरच घ्या. ही एक अट पुरी होत नसेल, तर बाकीचे चारही गुण व्यर्थ आहेत.

दुसरी गोष्ट, जवळचे अंतर. पुष्कळशा दुर्बिणी शंभर यार्डांवरील लक्ष्यासाठी जुळवलेल्या असतात. आपण मात्र नेम धरणार दहा मीटरवर. अशा दुर्बिणीत दहा मीटरवरचा कागद पुसट दिसतो, आणि त्याहून मोठा दोष म्हणजे डोळा किंचित इकडेतिकडे झाला तरी फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. एस.टी. बसमध्ये चालकाला वेगाचा काटा चाळीसवर दिसतो, तर शेजारी बसलेल्याला तोच काटा वेगळ्याच आकड्यावर दिसतो. काटा आणि आकडे एका पातळीत नसल्यामुळे असे होते. दुर्बिणीत हाच प्रकार घडतो. यावर उपाय म्हणजे पुढच्या भिंगाजवळ किंवा बाजूला अंतर जुळवण्याची कडी असलेली दुर्बीण घेणे. त्या कडीवर सर्वांत लहान आकडा दहा असला पाहिजे. पन्नासपासून सुरू होणारी कडी आपल्या कामाची नाही.

तिसरी गोष्ट, किती पट आणि केवढे भिंग. दुर्बिणीवर ४x३२ किंवा ३-९x४० असे लिहिलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की, डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ३२ भागिले ४, म्हणजे ८ मिलिमीटर. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरएवढीच उघडी असते. म्हणजे सोलापूरच्या प्रकाशात ३२ मिलिमीटरचे भिंग भरपूर झाले. पन्नास मिलिमीटरच्या भिंगासाठी जास्तीचे पैसे मोजून हाती येते ते केवळ वजन. चार पटीची, पट न बदलणारी साधी दुर्बीण नवशिक्याला पुरेशी आहे. तिच्यात फिरणारे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. मात्र दहा मीटरवर जुळणारी कडी चार पटीत सहसा मिळत नाही, ती बहुधा ३-९ पटीच्या दुर्बिणीत मिळते. तशी घेतली तर पहिले सहा महिने ती चारच्या पुढे नेऊ नका.

चौथी गोष्ट, डोळ्याचे अंतर. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर असताना पूर्ण चित्र दिसते, ते पाहा. हे अंतर साधारण आठ-नऊ सेंटीमीटर असावे. त्याहून फार कमी असेल, तर धक्क्याबरोबर दुर्बिणीची कड भुवईवर बसते. एकदा तसे झाले की, मूल चाप दाबताना डोळे मिटू लागते. तेथे नेमबाजी संपते.

पाचवी गोष्ट, पकड. दुर्बीण रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांकडे कोणी लक्ष देत नाही. एअर रायफलीच्या वरच्या बाजूस बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते. कड्या त्याच मापाच्या हव्यात. धक्क्यामुळे दुर्बीण हळूहळू मागे सरकते, म्हणून मागच्या कडीला अडवणारी खुंटी असावी. चांगल्या दुर्बिणीला हलक्या कड्या लावणे म्हणजे भक्कम दाराला कागदाची कडी लावण्यासारखे आहे. दोन्हींत निवड करायची वेळ आलीच, तर दुर्बीण एक पायरी खालची घ्या, पण कड्या चांगल्या घ्या.

आणि काय घेऊ नये? लाल-हिरवे दिवे नकोत. दिवसाउजेडी कागदावर नेम धरताना त्यांचा उपयोग नाही. सोबत फुकट दिलेला लेझर नको. रेघारेघांची जाळी असलेली, दूरच्या माऱ्याचे हिशेब सांगणारी फुली नको. एक बारीक उभी रेघ आणि एक बारीक आडवी रेघ, एवढे पुरे.

दुकानात उभे असताना

दुकानात घाई करू नका. दुर्बीण हातात घेऊन बाहेरच्या रस्त्यावरील दूरच्या पाटीकडे पाहा. मधली अक्षरे स्पष्ट आणि कडेची वाकडी किंवा पुसट दिसत असतील, तर भिंगे हलक्या प्रतीची आहेत. मग पांढऱ्या भिंतीकडे पाहून डोळ्याजवळची कडी फिरवा. फुली काळी, बारीक, एकसारखी दिसली पाहिजे. चुकूनही सूर्याकडे पाहू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. वर आणि बाजूला असलेल्या दोन्ही चकत्या फिरवा. प्रत्येक टप्प्याला स्पष्ट टक् असा आवाज आणि बोटाला जाणवणारी खूण हवी. चकती मऊ लोण्यासारखी फिरत असेल, तर ती खाली ठेवा. दुर्बीण कानाजवळ धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडा. पावती घ्या, आणि स्प्रिंगच्या रायफलीवर बिघडल्यास बदलून मिळेल का, हे पावतीवर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याने आपल्याला उत्तर दिलेलेच आहे.

दोष कोणाचा, हे ठरवण्याची रीत

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ही रीत मला त्या वेळी सुचली असती, तर एक मुलगा आज या शिबिरात तुम्हाला शिकवत असता.

दुर्बीण बसवल्यावर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच छर्रे मारा. हिशेब सोपा आहे. बहुतेक दुर्बिणींवर एका टप्प्याला शंभर यार्डांवर पाव इंच असे लिहिलेले असते. दहा मीटरवर तो एक टप्पा सुमारे ०.७ मिलिमीटर होतो. पाचही छर्रे एक सेंटीमीटर डावीकडे पडले असतील, तर चौदा टप्पे उजवीकडे फिरवा. एका छर्ऱ्यावरून कधीही दुरुस्ती करू नका. पाचांचा समूह पाहा. आणि एक लक्षात असू द्या, दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर असते. म्हणून दहा मीटरला जुळवलेला नेम पंचवीस मीटरला जुळेलच असे नाही. एक अंतर ठरवा आणि तेथेच राहा.

मग चौकोनाची परीक्षा घ्या. एकाच ठिपक्यावर नेम धरून तीन छर्रे मारा. चाळीस टप्पे वर न्या, तीन छर्रे. चाळीस उजवीकडे, तीन छर्रे. चाळीस खाली, तीन छर्रे. शेवटी चाळीस डावीकडे आणून पुन्हा तीन छर्रे. कागदावर सुमारे तीन-तीन सेंटीमीटर बाजूंचा चौकोन उमटला पाहिजे, आणि शेवटचे तीन छर्रे पहिल्या तिघांवर पडले पाहिजेत. चौकोन वाकडा आला, किंवा शेवट सुरुवातीला येऊन मिळाला नाही, तर मुलाला काही बोलण्याआधी दुर्बीण परत न्या.

पुढे कधी छर्रे विखरू लागले, तर आधी रायफलीच्या दस्त्याचे आणि कड्यांचे स्क्रू पाहा. स्प्रिंगच्या धक्क्याने ते ढिले होतातच. नंतर दुर्बीण काढून ठेवा आणि साध्या माशीवर, पिशवीचा आधार घेऊन दहा छर्रे मारा. समूह लहान झाला, तर दोष दुर्बिणीचा किंवा कड्यांचा. तसाच राहिला, तर छर्रे बदलून पाहा. त्यानेही फरक पडला नाही, तर एखाद्या जाणत्या नेमबाजाकडून मारून घ्या. आणि त्याचा समूह नीट आला, तरच, केवळ तरच, मुलाच्या हाताकडे वळा. गुरूने शिष्याला दोष देण्यापूर्वी साधनाची परीक्षा घ्यावी, हा माझ्या आयुष्यातला उशिरा शिकलेला धडा आहे.

ऊन, धूळ आणि जपणूक

आपल्याकडचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर जाते, आणि दुर्बिणीतून पाहताना लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे हलते. पट जितकी जास्त, तितके हे हलणे अधिक. म्हणून उन्हाळ्यात सराव सकाळी करावा. दुर्बीण उन्हात उभ्या मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवावी, मग मऊ कुंचल्याने झाडावी, आणि शेवटी स्वच्छ सुती कापडाने पुसावी. सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने पुसले की, धुळीचे कण भिंगावर ओरखडे काढतात.

पैशाचा क्रम

आता खिशाकडे येऊ. मी किमती सांगत नाही. त्या रोज बदलतात. मी क्रम सांगतो.

पहिला पैसा छर्ऱ्यांवर खर्च करा. कागदी लक्ष्यासाठी चपट्या डोक्याचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. एकाच प्रकारचे घ्या, कारण प्रत्येक रायफलीला मानवणारे छर्रे वेगळे असतात. दुसरा पैसा शिकण्यावर, जाणत्या माणसाकडे जाण्यावर आणि छर्रे अडवणाऱ्या सुरक्षित आडोशावर. तिसरा पैसा रायफलीच्या देखभालीवर. साध्या माशीवर किमान एक हजार छर्रे मारून झाल्यावर, आणि त्यांची वही ठेवून झाल्यावर, मग दुर्बिणीचा विचार करा. त्या वेळीही दुर्बीण आणि कड्या मिळून खर्च रायफलीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक नसावा.

आणखी एक सुचवतो. लक्ष्यावर छर्रा कोठे लागला हे पाहण्यासाठीच दुर्बीण हवी असेल, तर दहा मुलांच्या पालकांनी मिळून तिपाईवरची एक चांगली दुर्बीण घ्यावी. रायफलीला न जोडलेली अशी दुर्बीण प्रशिक्षकाला फार उपयोगी पडते. दहा घरांत दहा हलक्या दुर्बिणी येण्यापेक्षा मैदानावर एक चांगली असणे बरे. सोलापूरला सहकार शिकवावा लागत नाही.

कायदा आणि संयम

शेवटी दोन शब्द जबाबदारीचे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तथापि विक्रेत्याला खरेदीदाराच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी लागते. आपणही पावती जपून ठेवावी आणि शंका असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. हा छर्रा डोळा फोडू शकतो. पाखरांवर नेम धरणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते आपल्या संस्कारात बसत नाही.

दुर्बिणीमुळे एक नवा मोह उत्पन्न होतो, तो विशेष करून सांगतो. मुले तिच्यातून रस्ता, गच्ची, शेजारचे अंगण पाहू लागतात. बालमित्रांनो, रायफलीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे तुम्ही पाहता, त्याच्याकडे नळीचे तोंडही वळलेले असते. म्हणून रायफल रिकामी असो वा भरलेली, तिच्या दुर्बिणीतून लक्ष्याखेरीज काहीही पाहायचे नाही.

माझ्या पुतण्याने मला कधी दोष दिला नाही. तो आज त्याच्या व्यवसायात सुखी आहे. पण ती दुर्बीण मी टाकून दिलेली नाही. आज ती मी सोबत आणली आहे. भाषणानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी समोर या, टिचकी मारा आणि फुली कशी सरकते ते स्वतः पाहा. विकत घेण्यापूर्वी एकदा वाईट वस्तू हाताळलेली बरी.

आणि पालकहो, मूल जेव्हा म्हणेल की ''मला जमत नाही'', तेव्हा लगेच ''मन एकाग्र कर'' असे म्हणू नका. आधी स्क्रू तपासा.